वजनाच्या ऑपरेशनचं केंद्र सोलापुरात काढायचं तर 'आपुलकी' म्हणजे नेमकं काय काय लागतं?

होटगी_रोड
'आपुलकीने उपचार' असा बोर्ड रंगवायला पेंटरला एक दुपार पुरते. ती आपुलकी आत आल्यावर कुठल्या वस्तूत, कुठल्या वेळापत्रकात आणि कुठल्या वाक्यात दिसणार, हे ठरवायला मात्र वर्ष लागतं. सोलापुरात बॅरिअॅट्रिक सर्जरीचं, म्हणजे वजन उतरवण्याच्या शस्त्रक्रियेचं, काम सुरू करू पाहणाऱ्या सर्जनसाठी हा धागा आहे. भूलतज्ज्ञ, आहारतज्ज्ञ, सिस्टर, विम्याचं टेबल सांभाळणारे, सगळ्यांनी लिहा. पेशंटचे किस्से नकोत, कामाचं लिहा.

मुळात हे काम का करायचं, याची दोन कारणं मला पटतात.

पहिलं कारण शरीरशास्त्राचं. "तोंडावर ताबा नाही" हे वाक्य घरात, ऑफिसात आणि दुर्दैवाने डॉक्टरांच्या केबिनमध्येही ऐकू येतं. २०११ साली ऑस्ट्रेलियातला एक अभ्यास प्रसिद्ध झाला. दहा आठवडे अगदी कमी कॅलरींवर ठेवून लोकांचं वजन उतरवलं आणि मग त्यांची भुकेची संप्रेरकं मोजत राहिले. बासष्टाव्या आठवड्यातही भूक वाढवणारं घ्रेलिन चढलेलं आणि पोट भरल्याचं सांगणारी संप्रेरकं उतरलेलीच होती. वर्ष उलटलं तरी शरीर गेलेलं वजन परत मागत होतं. शस्त्रक्रियेचा उपयोग होतो तो पोट लहान होतं एवढ्यावर नाही, हे मागणं कमी होतं म्हणून. स्वीडनमध्ये १९८७ पासून शस्त्रक्रिया झालेल्या सुमारे दोन हजार जणांची तेवढ्याच न झालेल्यांशी तुलना केली गेली. २००७ साली आलेल्या निष्कर्षात शस्त्रक्रियेच्या गटात मृत्यू कमी होते.

दुसरं कारण नकाशाचं. पुणे अडीचशे किलोमीटर, हैदराबाद तीनशेच्या वर. ऑपरेशन तिकडे होतं आणि उलटी इकडे होते. अक्कलकोट, बार्शी, तुळजापूर, इंडी इथला पेशंट सातव्या दिवशी पुण्याला गेला तरी सातव्या महिन्यात जात नाही. शरीरातलं बी-१२ व्हिटॅमिन संपतं ते दुसऱ्या-तिसऱ्या वर्षी, आणि तेव्हा जवळ कुणी नसतं. म्हणून इथे केंद्र काढण्याचा हेतू 'इथेही ऑपरेशन होतं' एवढाच असेल तर तो अपुरा आहे. पाच वर्षं सांभाळणारं कुणी इथे असावं, हा हेतू धरून चला.

पात्रतेचं थोडक्यात: २०२२ च्या आंतरराष्ट्रीय मार्गदर्शक सूचनांप्रमाणे बीएमआय (उंचीच्या मानाने वजन किती ते सांगणारा आकडा) ३५ पासून पुढे इतर आजार नसले तरी, आणि ३० पासून पुढे मधुमेहासारखा आजार असेल तर शस्त्रक्रियेचा विचार होतो. आशियाई लोकांसाठी हा उंबरठा आणखी खाली, साडेसत्तावीसपासून धरला आहे, कारण आपल्याकडे कमी वजनावरही पोटातली चरबी आणि साखर लवकर वाढते. 'विचार होतो' म्हणजे 'टेबलावर घ्या' नव्हे, एवढं लक्षात ठेवा.

वॉर्ड_नंबर_सहा
सर, तुमचं संप्रेरकांचं बरोबर आहे, पण पेशंटला पहिली भेटते ती खुर्ची. हात असलेली प्लास्टिकची खुर्ची, आणि ती मोडेल म्हणून एकात एक घातलेल्या दोन खुर्च्या. त्या दोन खुर्च्या बघूनच माणूस उभा राहतो आणि "नको, बरं आहे" म्हणतो. बिनहाताचे बाक करून घ्या, लोखंडी चौकटीचे, तीनशे किलो पेलणारे, आणि सगळ्यांसाठी तेच ठेवा. एकच 'मोठी खुर्ची' कोपऱ्यात ठेवली की ती चिठ्ठी चिकटवल्यासारखीच होते.

वजनकाटा २५० किलोपर्यंतचा, रुंद पाट्याचा, शेजारी धरायला दांडी, आणि बंद खोलीत. साधा काटा १२०-१५० ला थांबतो. मग पेशंटला धान्याच्या काट्यावर पाठवायची पाळी येते. तसं झालं तर पुढचं समुपदेशन वाया गेलं समजा. आकडा मोठ्याने सांगायचा नाही. फाइलवर लिहायचा, पेशंटने विचारला तर दाखवायचा.

बीपीचा पट्टा: दंडाचा घेर ३५ ते ४४ सेंमी असेल तर मोठा पट्टा, त्याच्या पुढे मांडीचा. लहान पट्टा ओढूनताणून बांधला की बीपी खोटं जास्त येतं आणि नसलेल्या बीपीची गोळी सुरू होते. टेप खिशात ठेवा आणि घेर मोजा, अंदाज चालत नाही.

स्नायूतलं इंजेक्शन दीड इंची सुईनेही कमरेला चरबीतच राहू शकतं. दंड किंवा मांडी बघा, जमत असेल तर शिरेतून द्या. कमोड भिंतीला टांगलेला नको, जमिनीवर बसवलेला हवा, दोन्ही बाजूंना दांड्या. व्हीलचेअर २४ इंची बसणीची. लिफ्टच्या आणि खोल्यांच्या दारातून ती जाते का, हे बांधकाम चालू असतानाच बघा, नंतर फक्त भिंती फोडता येतात.

आणि वॉर्डात "चार जण या रे, उचलायचंय" अशी हाक मारायची नाही. सरकपाट्या आणि हवेची गादी घ्या. दोन माणसांत काम होतं आणि कुणाची पाठही जात नाही.

गणवेशवाला
डॉक्टर नाही, शिवणकामाच्या धंद्यातला आहे. गाऊनचं बोलतो. तयार मिळणारा 'एक्सएल' गाऊन मागून उघडा राहतो, हे सगळ्यांना माहीत आहे. पोटाचा घेर १६० सेंमी धरा. त्यावर ४० सेंमी तरी एकावर एक येणारी बाजू हवी, म्हणजे खालचा घेर २०० झाला. ५८ इंची पन्ह्याचं कापड १४७ सेंमी भरतं. एका पन्ह्यात बसत नाही, दीड पन्हा लागतो. शिवण पाठीच्या मधोमध घेऊ नका, निजल्यावर ती टोचते आणि तिथेच कातडी लाल होते. जोड बगलेखाली घ्या. बंद तीन ठिकाणी, त्यातला एक बाजूला. बाही ढिली, सलाइनसाठी खांद्यावर टिचबटणं. ज्या गावात देशभरचे शाळेचे गणवेश शिवले जातात तिथे हे शिवून मिळणार नाही, असं कुणी सांगितलं तर माझ्या दुकानी पाठवा.

वॉर्ड_नंबर_सहा
टिचबटणाचं छान सुचवलंत. तुमच्याकडचे जुने पातळ टॉवेलही पाठवा. पोटाच्या घडीत घाम राहून बुरशी धरते. घडी कोरडी करून मध्ये सुती पट्टी ठेवली तर निम्मा त्रास जातो.

बाळीवेस
खुर्च्या, गाऊन ठीक. आता कुणी न बोललेलं बोलतो. नव्या केंद्रात सगळ्यांना स्लीव्ह, म्हणजे जठर कापून बारीक नळीसारखं करायची शस्त्रक्रिया, सुचवली जाते, कारण सर्जनला तीच येते. ही आपुलकी नव्हे, सोय आहे.

स्लीव्हमध्ये पायलोरसपासून, म्हणजे जठराच्या खालच्या तोंडापासून, चार ते सहा सेंमी सोडून सुरुवात करायची, आत ३६ ते ४० फ्रेंचची बुजी, म्हणजे मापाची नळी. ३६ फ्रेंच म्हणजे १२ मिमी, साधारण करंगळीएवढी. तिच्या कडेने पोटाचा तीन-चतुर्थांशाहून जास्त भाग काढून टाकतात. चुका ठरलेल्या आहेत. मधल्या वळणावर स्टेपलर (कापता कापता पिनांनी शिवणारं यंत्र) फार चिकटून मारला की तिथे अरुंद होतं आणि पेशंट पाणीसुद्धा उलटतो. पुढची-मागची भिंत सारखी न ओढता मारत गेलं की नळीला पीळ पडतो. वरच्या टोकाला अन्ननलिकेच्या जवळ गेलं की पिनांच्या रांगेतून गळती होते. बहुतेक गळती वरच्याच टोकाला होते. तिथे सेंटिमीटरभर जागा सोडा. काढायच्या पोटाचा थोडा तुकडा जास्त राहिला म्हणून कुणी मरत नाही.

खालचा भाग जाड, म्हणून तिथे स्टेपलरला हिरवं, म्हणजे उंच पिनांचं, काडतूस. वर जाड-पातळ बघून सोनेरी किंवा निळं. जबडा बंद केल्यावर पंधरा-वीस सेकंद थांबायचं, ऊतकातलं पाणी निघून जाऊ द्यायचं, मग मारायचं. घाईत मारलेली रांग रक्ताळते. एका स्लीव्हला पाच-सहा काडतुसं लागतात. प्रत्येक काडतुसाचं स्टिकर पेशंटच्या फाइलवर चिकटवा. बिलात सहा आणि फाइलवर चार असं होऊ नये.

ज्याला आधीपासून जोरदार आम्लपित्त आहे, एंडोस्कोपीत अन्ननलिका भाजलेली दिसते, त्याला स्लीव्ह देऊ नका, ते वाढतं. त्याच्यासाठी रू-एन-वाय बायपास, म्हणजे जठराचं छोटं पाउच करून ते थेट पुढच्या आतड्याला जोडायचं: ३० मिलीचं पाउच, अन्नाचं आतडं १०० ते १५० सेंमी. आणि मिनी बायपासमध्ये (यात आतड्याला एकच जोड असतो) किती आतडं वगळायचं यावर हात आखडता ठेवा. शाकाहारी, आधीच हिमोग्लोबिन नऊ असलेल्या बाईला २०० सेंमी वगळलं तर वजन छान उतरतं आणि दोन वर्षांनी पायाला सूज घेऊन ती परत येते. १५० ला थांबा. आतडं ओढून मोजलं की सैल असताना भरणारे १५० सेंमी जास्त भरतात, हेही ध्यानात ठेवा.

बायपासनंतर आतड्याच्या पडद्यात राहिलेल्या फटी न विरघळणाऱ्या धाग्याने शिवा. वजन उतरलं की चरबी आटते, फट मोठी होते आणि आतडं आत शिरतं. वर्षा-दीड वर्षाने पोटात कळ येऊन जाणारा पेशंट 'गॅस' म्हणून परत पाठवू नका. सीटी स्वच्छ आला तरी दुर्बिणीने बघायची तयारी ठेवा.

सुरुवातीच्या केसेस बीएमआय ५० च्या खालच्या, पोटावर आधी ऑपरेशन न झालेल्या. आधीच्या ऑपरेशनची दुरुस्ती पहिल्या वर्षी हातात घेऊ नये. बायपासला हात बसायला शंभराच्या आसपास केसेस लागतात असं मानलं जातं. त्या शंभरांत अनुभवी माणूस समोर उभा असावा. त्याचं भाडं पेशंटकडून वेगळं घेऊ नका.

उशी_आणि_नळी
भूलतज्ज्ञाकडून चार गोष्टी.

एक, टेबल. लेबलवरची वजनमर्यादा सपाट आणि मधोमध असलेल्या टेबलाची असते. पाट सरकवला किंवा उलटा लावला की ती कमी होते. पाय खाली करून तिरकं करायचं असतं, म्हणून पायाशी फळी आणि मांड्यांवर दोन पट्टे. चादरी पसरायच्या आधी एकदा पूर्ण तिरकं करून बघा. पेशंट घसरायचाच असेल तर तेव्हा घसरू दे.

दोन, उशा. कानाची पाळी आणि छातीच्या हाडाची खाच एका रेषेत आली पाहिजे. त्यासाठी खांद्याखालून डोक्यापर्यंत उतार रचावा लागतो. डोक्याखाली एकच जाड उशी घालणं म्हणजे मान दुमडणं. ऑक्सिजनही डोकं २५ अंश वर ठेवूनच द्या. आडवं पडल्यावर यांची फुप्फुसं दबतात आणि हाताशी वेळ फार कमी उरतो.

तीन, झोप. घोरणं, दिवसा डुलक्या, झोपेत श्वास अडकणं, बीपी, मानेचा घेर वगैरे आठ प्रश्नांत पाच किंवा जास्त 'हो' आले तर झोपेची तपासणी करा. सीपॅप, म्हणजे झोपेत दाबाने हवा देणारं मशीन, दोन-तीन आठवडे आधी घरी सुरू करून मशीनची सवय लावा आणि तेच मशीन रुग्णालयात आणायला सांगा. ऑपरेशननंतर मॉर्फिनसारखी औषधं हात राखून. दुर्बिणीच्या भोकांत बधिरीकरण आणि शिरेतून पॅरासिटामॉल यावर बरंच भागतं.

चार, आणि ही कुठल्याच पत्रकात नसते. स्टेपलर मारायच्या आधी नाकातली नळी आणि तापमानाची तार बाहेर आहे का, हे मोठ्याने विचारायचं आणि मोठ्याने उत्तर द्यायचं. नळी स्टेपल झाली की ती ओढून निघत नाही, रांग उघडावी लागते. 'मारू का?' 'नळी मागे, तार बाहेर, बुजी जागेवर, मार.' प्रत्येक काडतुसाला हे बोलायचं, सहाच्या सहा वेळा.

पायातल्या गुठळ्यांसाठी पोटऱ्यांचे फुगणारे पट्टे टेबलावर आणि त्याच संध्याकाळी चालणं. रक्त पातळ करणारी सुई डोस बघून.

गोळीवाला
फिजिशियनच्या चष्म्यातून विचारतो. आता वजन उतरवणाऱ्या, आठवड्यातून एकदा घ्यायच्या सुया आल्या आहेत. सेमाग्लूटाइडच्या २०२१ च्या चाचणीत ६८ आठवड्यांत सरासरी १५ टक्के वजन गेलं, तिर्झेपाटाइडच्या २०२२ च्या चाचणीत सर्वात वरच्या डोसला ७२ आठवड्यांत जवळपास २१ टक्के. तिर्झेपाटाइड भारतात मार्च २०२५ मध्ये आलंही. मग कापाकापी कशाला?

होटगी_रोड
प्रश्न रास्त आहे, आणि जो सर्जन या सुयांचं नावही काढत नाही त्याच्या हेतूवर शंका घ्यावी. सेमाग्लूटाइड थांबवल्यावर वर्षभरात गेलेल्या वजनाचा दोन-तृतीयांश भाग परत आला, हे त्याच चाचणीच्या पुढच्या भागात दिसलं. म्हणजे सुई बीपीच्या गोळीसारखी चालू ठेवायची. ज्याला ती परवडते आणि सोसते, बीएमआय तिशीच्या आत-बाहेर आहे, त्याने आधी तुमच्याकडेच यावं. बीएमआय ४५, गुडघे गेलेले, इन्सुलिन चालू, श्वास अडकतोय, अशा माणसाला एका वर्षात २५ ते ३० टक्के उतार देणारी आणि टिकणारी गोष्ट आजही शस्त्रक्रियाच आहे. दोन्ही पर्याय एकाच कागदावर, एकाच बैठकीत मांडा. सर्जनच्या केबिनमध्ये एक आणि तुमच्या केबिनमध्ये दुसरा, असं झालं की पेशंट मधल्या बोळात तिसऱ्या कुणाचा तरी काढा पितो.

सुई चालू असलेल्याला ऑपरेशनला घेताना भूलतज्ज्ञाला आवर्जून सांगा. उपाशी असूनही पोटात अन्न राहू शकतं. आदला दिवस फक्त पातळ.

गोळीवाला
हे मान्य. मग माझ्या बाजूचं एक लिहून ठेवा. ऑपरेशनआधी दोन आठवडे ८०० ते १२०० कॅलरीचा आहार देता ना, यकृताचा डावा भाग आक्रसून जागा व्हावी म्हणून? त्या दिवसांत साखरेची औषधं तशीच चालू ठेवली की पेशंट तुमच्याकडे यायच्या आधीच माझ्याकडे बेशुद्ध येतो. ग्लिमेपिराइड कमी किंवा बंद, इन्सुलिन कमी. आणि नावाला 'ग्लिफ्लोझिन' शेपटी असलेली साखरेची औषधं ऑपरेशनच्या किमान तीन दिवस आधी बंद. उपाशीपोटी साखर नॉर्मल दाखवत रक्त आम्लयुक्त होतं आणि कुणाच्या लक्षात येत नाही. बीपीमधली लघवीची गोळीही बघा. मेमध्ये सोलापूरचा पारा ४२-४३ ला असतो. ऑपरेशननंतर तासाला शंभर मिली पिणारा माणूस आणि वर लघवीची गोळी, मग चक्कर येणारच.

ताक_भाकरी
आहाराचा छापील तक्ता परदेशातून उतरवलेला असतो: ब्रॉथ, जेलो, अॅपलसॉस. सोलापूरच्या पूर्व भागातल्या विणकराच्या घरात यातलं काय सापडणार?

पहिले दोन आठवडे पातळ. ३० मिलीची औषधाची वाटी, दर पंधरा मिनिटांनी एक, घोट घोट. तासाला १२० मिली झालं, जागेपणाचे चौदा तास धरले तर १,६८० मिली. एवढंच गणित पेशंटला सांगा आणि वाट्या मोजायला तांदळाचे दाणे एका भांड्यातून दुसऱ्यात टाकायला सांगा. अॅप लागत नाही. काय प्यायचं: गाळलेलं पातळ ताक, मुगाचं गाळलेलं पाणी, साय काढलेलं दूध, दुधात प्रोटीन पावडर. ज्वारीची आंबील पोटाला छान, पण तिला प्रोटीन समजू नका. आंबील पिऊन पोट भरलं की पावडर राहते.

नंतरचे दोन आठवडे घोटलेलं: वरण, दही, मऊ अंडं, कुस्करलेलं पनीर. मग मऊ. मग हळूहळू घरचं. खाणं आणि पिणं वेगळं, मध्ये अर्धा तास.

आता गंमत. सगळ्यांना वाटतं मऊ चपाती आधी आणि कडक भाकरी शेवटी. उलटं आहे. मऊ चपाती, पाव, मोकळा न झालेला भात यांचा चावल्यावर गोळा होतो आणि तो बारीक नळीत अडकतो. कडक भाकरी चावली की तिचा चुरा होतो. दोन महिन्यांनंतर अर्धी कडक भाकरी आमटीत न बुडवता, नीट चावून, बऱ्याच जणांना चपातीपेक्षा सहज जाते. बुडवली की पुन्हा गोळा. आपल्याकडे ही सोय आयती आहे, तक्त्यात लिहाच.

शेंगाचटणीवरून भांडणं होतात. दोन चमचे, म्हणजे २० ग्रॅम दाण्यांत प्रोटीन पाच ग्रॅम आणि कॅलरी ११५ च्या आसपास. तोंडी लावायला चालेल, पण 'शेंगदाण्यात प्रोटीन असतं' म्हणून वाटीभर खाल्ली तर वजन तिथेच थांबतं.

रोज ६० ते ८० ग्रॅम प्रोटीन हवं. शाकाहारी माणसाचा तिसऱ्या महिन्यातला दिवस मांडून बघा: दूध दोन वेळा २०० मिली, १३ ग्रॅम. दही १५० ग्रॅम, ५. मूगडाळ कच्ची ४० ग्रॅम, ९ ते १०. पनीर ६० ग्रॅम, ११. सोयावड्या २० ग्रॅम, १०. झाले कसेबसे ४८-४९. पावडरच्या एका मापात २४ ग्रॅम प्रोटीन. ते घेतलं तरच ७० ओलांडतात. पावडर आयुष्यभर परवडणार नसेल तर अंडं चालतं का, हे ऑपरेशनआधी विचारा, नंतर विचारून उपयोग नाही. आणि उत्तर सासूने देऊ नये, पेशंटने द्यावं.

गोळ्या: मल्टिव्हिटॅमिन, कॅल्शियम सायट्रेट १,२०० ते १,५०० मिग्रॅ दोन-तीन भागांत, डी-३ रोज ३,००० युनिट, पाळी चालू असलेल्या बाईला लोह ४५ ते ६० मिग्रॅ. लोह आणि कॅल्शियममध्ये दोन तास हवेत, आणि लोहावर चहा नको. आपल्याकडे गोळी चहाबरोबरच घेतात, हे नक्की विचारा. बी-१२ तोंडाने जात नसेल तर महिन्याला १,००० मायक्रोग्रॅमचं इंजेक्शन. पित्ताशय जागेवर असेल तर खडे टाळायला अर्सोडिऑक्सिकोलिक अॅसिड सहा महिने.

एकादशी: साबुदाणा आणि राजगिऱ्याचा लाडू हे बायपासवाल्यांसाठी सरळ साखरेचं पोतं आहे. अर्ध्या तासात घाम, धडधड, जुलाब. उपास करायचाच तर दही आणि भाजलेले दाणे थोडे. निर्जळी नाही. रोजाही पहिलं वर्ष-दीड वर्ष न ठेवलेला बरा. मशिदीतल्या मौलानांशी आधी बोलून ठेवलं तर घरच्यांची समजूत लवकर पटते.

साखर_पेठ
समुपदेशनातून दोन मुद्दे. इथे पेशंट मराठी, तेलुगू, कन्नड, उर्दू बोलतो. तेलुगूत 'लावु', कन्नडमध्ये 'दप्प', हे शब्द घरात प्रेमानेही वापरतात, पण केबिनमध्ये ते शिवीसारखे लागतात. 'बरुवु' किंवा 'तूक' म्हणा, म्हणजे वजन. दुभाषी म्हणून नवऱ्याला किंवा सासूला बसवू नका. पहिली दहा मिनिटं पेशंट एकटा. लपूनछपून रात्री खाणं, दारू, घरातली मारहाण, मूल होत नाही म्हणून चाललेला दबाव, हे त्या दहा मिनिटांतच निघतं. विडी वळणाऱ्या बायकांना तंबाखूचं थेट विचारा. "व्यसन आहे का?" म्हटलं तर "नाही" येतं. "मिश्री लावता का?" म्हटलं तर "लावते की" येतं. बायपासच्या जोडावर व्रण पडायला तंबाखू मोठं कारण आहे.

दुसरं, लग्नाच्या मुली. वडील मुलीला घेऊन येतात आणि मेच्या मुहूर्ताआधी उरका म्हणतात. बीएमआय ३१, साखर नाही, तर ऑपरेशन नाही, सरळ सांगा. आजार खरा असेल आणि करायचंच ठरलं तरी पहिले बारा ते अठरा महिने गर्भ राहू नये, आणि वजन उतरलं की थांबलेली पाळी सुरू होऊन गर्भ पटकन राहतो, हे मुलीला एकटीला सांगा. तिसऱ्या-चौथ्या महिन्यात केस गळतात, परत येतात, हेही. केस मुहूर्ताच्या आसपासच गळणार!

फाइल_नंबर_दोन
विमा. २०१९ च्या विमा नियामकाच्या सूचनांप्रमाणे वजनाच्या शस्त्रक्रियेचे पैसे मिळायला वय १८ पूर्ण, बीएमआय ४० किंवा जास्त, किंवा ३५ पासून पुढे आणि जोडीला हृदयाचा त्रास, झोपेत श्वास अडकण्याचा तीव्र आजार म्हणजे स्लीप अॅप्निया किंवा आटोक्यात नसलेला टाइप-२ मधुमेह, आणि साधे उपाय करून फसल्याचा पुरावा लागतो. म्हणजे वैद्यकीय पात्रता वेगळी आणि विम्याची वेगळी. वर साडेसत्तावीस वाचून कुणी माझ्या टेबलावर येऊ नका.

"डाएट केलं होतं" याला पुरावा म्हणत नाहीत. कुठल्या डॉक्टरकडे, कधी, किती महिने, वजन किती ते किती, तारखा टाका. झोपेच्या तपासणीचा मूळ अहवाल जोडा, नुसतं "घोरतात" नको.

आता स्पष्ट बोलतो. वजन ९८ किलो, उंची १५८ सेंमी, तर बीएमआय ३९.३. उंची १५६ लिहिली की ४०.३. दोन सेंटिमीटरचा मोह आहे हा, आणि पेशंटच सुचवतो. करू नका. जुन्या कागदावर १५८ असते, कंपनी ती काढते, दावा फेटाळते आणि 'फसवणूक' शेरा पेशंटच्या नावावर बसतो. उंची चपला काढून, भिंतीच्या पट्टीवर, दोघांनी मोजून सही करा.

अंदाजपत्रक दोन आकड्यांचं द्या: सगळं सुरळीत गेलं तर इतके, गळती होऊन पुन्हा आत घ्यावं लागलं तर इतके. दुसरा आकडा ऐकून जो परत जातो तो आधीच गेलेला बरा, नंतर दागिने मोडतो.

अक्कलकोटचा_जीपी
सगळं वाचलं. पण रात्री अकराला तो पेशंट माझ्या दारात येणार, तुमच्या नाही. मी काय करू आणि काय करू नको?

बाळीवेस
याच प्रश्नाची वाट बघत होतो.

नाडी आधी मोजा. ऑपरेशननंतरच्या पहिल्या महिन्यात नाडी १२० च्या वर टिकून असेल तर गळती आहे असं धरून चाला, पोट मऊ असलं तरी. यांचं पोट दगडासारखं होत नाही. डाव्या खांद्यात दुखणं, ताप, "काहीतरी वाईट होणार" असं वाटणं. बहुतेक गळती घरी गेल्यावर उघड होते. पित्ताचं इंजेक्शन देऊन सकाळपर्यंत ठेवू नका, गाडीत घाला.

रोज उलट्या होत आहेत, आठवडा-दोन आठवडे झाले, चालताना झोक जातो, दोन दोन दिसतं, बोलण्यात गोंधळ: ही थायमिनची, म्हणजे बी-१ व्हिटॅमिनची, कमतरता. इथे सर्वात मोठी चूक म्हणजे अशक्तपणा म्हणून ग्लुकोजची बाटली लावणं. ग्लुकोज उरलंसुरलं थायमिनही खाऊन टाकतं आणि मेंदूचं कायमचं नुकसान होतं. आधी थायमिन शिरेतून ५०० मिग्रॅ, दिवसातून तीनदा, मग ग्लुकोज. पाणी कमी पडलंय तर सलाइन साधी लावा. नुसत्या उलट्या असतील, बाकी काही नसेल, तरी १०० मिग्रॅ थायमिन देऊन पाठवा.

होटगी_रोड
हे सगळं आधारकार्डाच्या आकाराच्या कार्डावर छापून लॅमिनेट करा, पुढे मराठी, मागे कन्नड. ऑपरेशनचं नाव, तारीख, आतडं किती सेंमी वगळलं, तीन धोक्याच्या खुणा, 'ग्लुकोजआधी थायमिन', आणि रात्री उचलला जाणारा एक नंबर. तो नंबर रिसेप्शनचा नको. आठवडा, महिना, तीन, सहा, बारा महिने आणि पुढे दरवर्षी, अशा तारखा वहीत आधीच लिहा. जो येत नाही त्याला सिस्टरने फोन करायचा. वजन परत वाढलेला माणूसच येत नाही, लाजतो. फोनवर वजन विचारायचं नाही. "बी-१२ च्या इंजेक्शनची तारीख झाली" म्हणायचं. त्याला तो येतो.

अक्कलकोटचा_जीपी
कार्ड झालं की पन्नास इकडे पाठवा. एक राहिलं. दुखतंय म्हणून आला तर डायक्लोफेनॅक द्यायचं नाही ना? इथे सगळे तेच मागतात.

बाळीवेस
बायपासवाल्याला अजिबात नाही, ना सुई ना गोळी. जोडावर व्रण पडतो. पॅरासिटामॉल द्या, फारच असेल तर ट्रामाडॉल. आणि तो परत परत मागायला आला तर दुखतंय कुठे ते विचारा. पोटात कळ येऊन जात असेल तर औषध न देता इकडे पाठवा.